अकरा सेकंदांचं भांडण

मन्मथ,

परवा धाराशिवला तुझी शोकसभा झाली आणि त्या सभेत मी हसलो. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मीच सांगतो.

झालं असं, की एका वक्त्यांना कुणीतरी चिठ्ठीवर 'चित्रपट संपादक' असं लिहून दिलं होतं. त्यांनी चिठ्ठीतला नुसता दुसरा शब्द धरला आणि तुला थेट वर्तमानपत्रात बसवलं. "मन्मथरावांचे अग्रलेख मला अजून आठवतात," ते म्हणाले. "काय धार होती!" लोकांनी माना डोलावल्या. तोवर मी कसंबसं धरून होतो. पण दुसरे उठले आणि म्हणाले, "इतका शांत माणूस, की आयुष्यात कुणाशी कधी वाद घातला नाही." तिथं माझा बांध फुटला. तोंडावर उपरणं दाबून मी हसत होतो आणि खांदे गदगदा हलत होते. शेजारच्या बाईंना वाटलं, म्हातारा हुंदके देतोय. त्यांनी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. त्या हातानं घोटाळा केला. मग मला खरंच रडू आलं आणि ते काही लवकर थांबेना.

पंचेचाळीस वर्षं तू माझ्याशी भांडलास. दर दिवाळीला परंड्यात यायचास, चहा पुढ्यात येईपर्यंत दम धरायचास, आणि मग आपण सुरू. एकच विषय. अकरा सेकंद. आता तू भांडण अर्ध्यावर टाकून गेलास, तर माझ्या बाजूचं तरी मला सांगून टाकू दे. शेवटी एक गोष्ट आहे, जी मी तुझ्यासमोर कधी बोललो नाही. पण ती लगेच निघत नाही तोंडातून. जरा मागून येतो.

तुझ्या अप्पांचं परंड्यात कापडाचं दुकान. गादीवर तू बसायचास, पण कात्रीला हात लावायची तुला बंदी होती. कारण मला ठाऊक आहे, सभेत कुणालाच नव्हतं. एका नवरदेवाच्या कोटाचं कापड तू अर्धा हात कमी कापलंस, आणि तो भांडायला आल्यावर चूक कबूल करायची सोडून त्याला म्हणालास, "पाव्हणं, बाही आखूडच बरी दिसती तुमाला." अप्पांनी "येनो इदु?" म्हणत कपाळावर हात मारला. त्यांना राग आला की ते कानडीत जायचे. त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत कानडीतच होते.

मग तंबू आला. बार्शीहून सिनेमाचा तंबू यायचा तेव्हा. बार्शी इंग्रजाच्या मुलखात, परंडा निजामाच्या, आणि मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. तिथला शिपाई दर खेपेला रिळांचे डबे उघडायला लावायचा. त्याला वाटायचं तूप असेल. एकदा त्यानं पट्टी उन्हात धरून निरखून पाहिली आणि म्हणाला, "माणसं लई बारीक हायती," आणि सोडून दिलं. तू हे ऐकून आठवडाभर हसत होतास.

तंबूत मी भोंगा घेऊन पडद्याशेजारी उभा राहायचो. शाळेत मास्तर होतो, उर्दूतून शिकलेलो, मोडकं इंग्रजी यायचं. म्हणून चित्राआधी जी लढाईची बातमीपट्टी दाखवायचे तिचा अर्थ मी लोकांना मराठीत ओरडून सांगायचो. आणि तू मशीनवाल्याच्या शेजारी उकिडवा बसलेला. रीळ तुटलं की तो ते खरवडायचा, चिकट पाणी लावायचा, दाबून धरायचा. पिकलेल्या केळ्यासारखा वास यायचा त्या पाण्याला. पंधरा दिवसांत तू ते काम त्याच्यापेक्षा बरं करायला लागलास.

आणि एक दिवस तू गोंधळ घातलास. मशीनवाला तापानं पडला होता, तुकडे तू जोडले होतेस. पडद्यावर देवानं आशीर्वादाला हात उचलला, आणि पुढच्याच क्षणी धूळ उडवत रणगाडे निघाले. लोक एकमेकांकडं बघायला लागले. मी घाईघाईनं भोंग्यातून ओरडलो, "देवाच्या आज्ञेनं सैन्य निघालं!" लोकांनी हात जोडले. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं रणगाड्यावरून कडाकडा बोटं मोडली. मला वाटलं, तू तोंड लपवशील. तू तर खेळ संपल्यावर धावत आलास, डोळे हे एवढाले.

"विश्वनाथ, बगितलंस? म्या काय बी केलं न्हाय. दोन तुकडे शेजारी ठिवले. मधला अर्थ लोकांनी सोताच केला!"

मी म्हणालो, "अर्थ मी केला. मी ओरडलो म्हणून."

"तू नसता ओरडला तरी झाला असता."

आपलं पहिलं भांडण ते. खरं सांगायचं तर त्या दिवशी तुझंच बरोबर होतं, पण मास्तरकीच्या दुसऱ्याच वर्षी असं कबूल करणं मला परवडण्यासारखं नव्हतं.

मग तू मुंबईला गेलास. अप्पांना सांगितलंस, गिरणीचा माल बघून येतो. माल बघायला तुला तीन वर्षं लागली. युद्धाच्या काळात माहितीच्या छोट्या फिल्मा काढणारी कसली तरी कंपनी होती, तिथं तू तुकडे लावायला लागलास. तुझी पत्रं यायची. इतरांच्या पत्रांत मुंबईचा समुद्र असायचा; तुझ्या पत्रात भाज्या कशा वाळवाव्या याच्या फिल्मवर चार महिने कसे गेले ते असायचं. "गवारीचा तुकडा भेंडीच्या आधी ठेवला तर बाई हुशार वाटते, नंतर ठेवला तर वेंधळी," असं तू लिहिलं होतंस. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय अशी माझी खात्री पटली.

युद्ध संपलं, कंपनी बुडाली, तू परत आलास. एक लोखंडी पेटी, त्यात फिल्म जोडायचं यंत्र, एक भिंग, आणि हातात पांढरे सुती मोजे. फिल्मवर बोटांचे डाग पडू नयेत म्हणून ते घालायची तुला सवय झाली होती, आणि तू ते बाजारातसुद्धा काढायचा नाहीस. परंड्यानं चार दिवसांत निकाल लावला की मन्मथला मुंबईत हाताला काहीतरी झालंय. कुणी खरूज म्हणे, कुणी कोड. दोन सोयरिकी आल्या त्या मोजे बघून परत गेल्या. अप्पा पुन्हा कानडीत गेले.

तिसरी सोयरीक येरमाळ्याची. मी तुझ्याबरोबर होतो. गिरिजावहिनी पोहे घेऊन आल्या, बसल्या. सगळे मुलीला काय येतं ते विचारत होते. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का. शेवटी कुणीतरी सहज म्हणालं, "मुलीला काही विचारायचं असलं तर विचारावं." असं म्हणायची रीत असते, मुलगी विचारत नसते. वहिनींनी मान वर केली आणि म्हणाल्या, "मोजे काढा."

तू काढलेस. त्यांनी तुझे दोन्ही हात पुढून-मागून पाहिले, बैल बघतात तसे. मग म्हणाल्या, "चांगले हायती की. झाकता कशाला?" तू तिथंच बसून पाऊण तास फिल्मची माहिती दिलीस. पोहे गार झाले. परतताना तू मला म्हणालास, "हीच. पयला कामाचा प्रश्न हिनंच इचारला."

आता जहागीरदारसाहेब.

आपल्या भागातल्या लहानशा जहागिरीचे ते धनी. गोल अंगाचे, मनानं वाईट नव्हते, पण हैदराबादेत कुण्या मोठ्या जहागीरदाराची फिल्म निघालेली त्यांनी पाहिली होती आणि तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. आपल्या जहागिरीची तरक्की पडद्यावर यावी! मुंबईहून त्यांनी कॅमेरावाला आणला. तो तीन आठवडे राहिला, बांध, दवाखाना, शाळा, परंड्याचा बाजार, सगळं टिपून गेला. फिल्म धुऊन आली ती मूळ निगेटिव्हसकट परत मागवली. "आपली सूरत दुसऱ्याच्या कपाटात कायकू?" साहेबांचं म्हणणं. जुळणी करायला तू, आणि पडद्याशेजारी उभं राहून बोलायला मी.

दुकानाच्या माडीवर तू कारखाना मांडलास. धोतरं वाळत घालायच्या दोरीवर फिल्मचे तुकडे लटकलेले, खाली साड्यांचे ताके. त्या फिल्मचा भरवसा नव्हता. ठिणगी पडली तर तेरखेड्याच्या फटाक्यांच्या दारूसारखी पेटायची. अप्पांची विडी बंद. ते रोज जिन्याखाली उभे राहून न पेटवलेली विडी ओढायचे आणि वर बघायचे.

मी भाषण लिहून आणलं. 'हिरवा शालू नेसलेली ही वसुंधरा' असं पहिलं वाक्य होतं. फार आवडीचं होतं माझ्या. तू भिंगातून डोळा न काढता म्हणालास, "काढ."

"का?"

"दिसतंय की ते हिरवं."

"फिल्म काळीपांढरी आहे, मन्या!"

"तर मग हिरवं कशाला म्हणतो?"

चौदा पानांचं तू दीड पान केलंस. 'बळीराजा' गेला, 'सुजलाम' गेलं. दवाखान्याच्या चित्राला मी लिहिलं होतं की इथं सर्व रोगांवर औषध मिळतं, तू म्हणालास, "फळी बघ. बाटल्या तीन हायती. लोक मोजतील." साहेबांना वाईट वाटेल म्हणून मी हट्ट धरला. शेवटी तू चित्रच असं लावलंस की डॉक्टर नाडी बघतोय, म्हातारा त्याच्याकडं बघतोय, संपलं. बाटल्या नाहीत आणि भाषणही नाही. खोटं न बोलता झाकायचं कसं, ते त्या माडीवर मी तुझ्याकडून शिकलो. पुढं शाळेत तपासनीस यायचे तेव्हा फार उपयोगी पडलं.

मग ती दुपार. साहेबांचा कारकून घाम पुसत आला. म्हणाला, परवा गढीत खेळ, आणि अमीनसाहेब येणार. अमीन म्हणजे आपला पोलीस अंमलदार. "त्यांना बाजाराचा भाग खास बघायचाय," कारकून म्हणाला आणि पाणी पिऊन गेला.

मी का घाबरलो ते तुला सांगायची गरज नव्हती. आमचा गोविंददादा, माझा थोरला भाऊ, वर्षभर घरात नव्हता. गावाला सांगितलं होतं की पुण्यात नोकरीला आहे. खरं म्हणजे तो हद्दीपलीकडच्या छावणीत होता, निजामाविरुद्धच्या लढ्यात, आणि अमीन त्याच्या मागावर होता. बाजाराच्या दिवशी तो निरोप घेऊन परंड्यात येऊन गेल्याची कुणीतरी चुगली केली होती. आणि बरोबर त्याच दिवशी कॅमेरा बाजारात होता.

तू दोरीवरून बाजाराची पट्टी काढलीस, खिडकीच्या उजेडात धरलीस, भिंग लावलंस. पट्टी शेवटपर्यंत सरकवलीस. मग भिंग माझ्याकडं दिलंस.

दादा होता. बैलाच्या दलालाच्या वेशात, पिवळा फेटा असावा, चित्रात नुसता फिकट. लपूनछपून आलेला माणूस कॅमेरा दिसल्यावर काय करील? तोंड फिरवील. आमच्या दादानं फेटा नीट केला, मिशीवर बोट फिरवलं आणि सरळ कॅमेऱ्यात बघितलं! एकदा नाही. जहागीरदारसाहेबांनी घोड्यावरून बाजारात तीन फेऱ्या मारल्या होत्या, कॅमेरा तीन जागी हलला होता, आणि दादा तिन्ही जागी कॅमेऱ्याच्या पाठोपाठ हलला होता. तिसऱ्या वेळी तर हसला.

"भूमिगत हाय का तुजा भाऊ," तू म्हणालास, "का नाटकात हाय?"

"मन्या, आता काय?"

"अकरा सेकंद. दोनशे चौसष्ट चौकटी."

"पूर्ण बाजारच काढून टाक."

"अन् घोडा? साहेबांनी तीन फेऱ्या मारल्यात. एक जरी गेली तर विचारतील कुठं गेली. अन् अमीन तर बाजारच बघाय येतोय. बाजार न्हाय म्हणल्यावर सरळ आपल्यालाच नेईल."

घोडा आणि दादा एकाच पट्टीत. घोडा ठेवायचा, दादा काढायचा. तू दीड दिवस माडीवरून उतरला नाहीस. नवीन लग्न, वहिनी जेवणाचं ताट जिन्यावर ठेवून जायच्या आणि अप्पा राखण करत खाली बसलेले. दादा दिसायला लागायचा त्या जागी घोड्याला कापायचं आणि मधे दुसरं काहीतरी घालायचं, म्हणजे घोडा पुढं निघाला तरी लोकांना उडी कळत नाही. पण घालायचं काय? शाळेची पोरं घातली तर बाजारात शाळा कशी? बांध घातला तर बाजारात पाणी. बाजारात शोभेल असं शिल्लक चित्र एकच होतं. कॅमेरेवाल्यानं कंटाळून टिपलेली एक म्हैस.

मग निगेटिव्हमधलेही तेवढेच तुकडे काढलेस, आणि दादाचे सगळे तुकडे घेऊन तू परसात गेलास. काडी लावलीस. भप्पकन एवढा मोठा जाळ झाला की तुझी उजवी भुवई गेली. अप्पा धावत आले. भुवई नसलेल्या मुलाकडं त्यांनी पाहिलं, मग राखेकडं, आणि पहिल्यांदाच कानडीतही काही बोलले नाहीत.

गढीत खेळ झाला तो दिवस मावळता मावळता. अप्पांच्या दुकानातल्या मांजरपाटाचा पडदा, तंबूवाल्याचं मशीन. साहेब मधल्या कोचावर, शेजारी अमीन, काठी गुडघ्यावर आडवी. मी भोंगा घेऊन पडद्याशेजारी; तू मशीनजवळ, एका भुवईचा. खेळ सुरू व्हायच्या आधी तू माझ्या कानाशी येऊन म्हणालास, "आज बोल. म्हशीवर बोल. थांबूच नको." ज्या माणसानं माझी साडेबारा पानं फाडली होती तो!

बाजार आला. साहेब घोड्यावर. म्हैस. मी म्हणालो, "बाजारात जनावरांची उत्तम आवक." साहेब घोड्यावर. म्हैस. "दुधदुभत्याची रेलचेल." अमीन पुढं सरकला. दुसरी फेरी. साहेब, म्हैस. "हिची शिंगं पाहावीत." साहेब, म्हैस. "ती रवंथ करत आहे." माझ्याजवळचं सगळं संपत आलं होतं आणि अजून तिसरी फेरी बाकी होती, ज्यात दादा सर्वात जास्त वेळ हसला होता. म्हणजे म्हैस सर्वात जास्त वेळ. पडद्यावर ती आली आणि जाईचना. मी भोंग्यात नुसता श्वास घेत उभा.

साहेब कोचावरून उठले. "ठैरो!"

मशीन थांबवलं.

"ये भैंस बार-बार कायकू आरई?"

तू पुढं आलास. मोजे घातलेले हात जोडलेस. "साब," तू म्हणालास, "रय्यत की दौलत है."

"रय्यत की?" साहेब पडद्याजवळ गेले, मागं-पुढं झाले, आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. "अरे, रय्यत की कैसी? ये तो अपनी चंदा है! कान देखो, कान! अमीनसाब, ये अपनी चंदा है, मुऱ्हा, एक टैम को इत्ता दूध देती!" त्यांनी हात असा पसरला की अमीनची टोपी पडता पडता वाचली. "मास्टर, इसपे और बोलो!"

तेवढा भाग साहेबांनी तीनदा लावायला लावला. अमीनला तिन्ही वेळा बघावा लागला. शेवटी तो उठला तो त्याचा चेहरा ताकासारखा आंबट. तुला म्हणाला, "कतरन किधर है?" कापलेले तुकडे. तू भुवईच्या जागी बोट लावून दाखवलंस. "जाळले, साब. बारूद असते ती. दुकान गेलं असतं." त्यानं शिपाई पाठवून माडी उलटीपालटी केली. शिपायाला एक डबा सापडला. त्यात वहिनींनी पाठवलेला चिवडा होता.

आपण घरी आलो आणि तुझ्या परसात बसून इतके हसलो की वहिनी दाराशी येऊन, "याड लागलं का काय दोघांस्नी," असं म्हणून गेल्या.

दादा वाचला. दीड महिना.

छावणीत विषमज्वरानं गेला. गोळी नाही, लाठी नाही, ताप. निरोप आला तेव्हा अंत्यविधीही होऊन गेला होता. पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, अमीनची बदली झाली, साहेबांची जहागीर गेली. म्हशीचं काय झालं ठाऊक नाही. तू पुन्हा मुंबईला गेलास आणि तीस वर्षं धरणांच्या, बियाण्यांच्या, देवीच्या लसीच्या फिल्मा कापल्यास. मुख्य चित्राच्या आधी त्या लागायच्या आणि लोक तेवढ्यात शेंगदाणे आणायला बाहेर जायचे. मी जायचो नाही, एवढं लक्षात ठेव. रिकाम्या खुर्च्यांत बसून मी तुझं नाव येईपर्यंत थांबायचो. ते एवढं भरकन जायचं, की चष्मा पुसला तर चुकायचं.

आमच्या घरात दादाचा फोटो नव्हता. एकही नाही. आमच्या आयला कुणीतरी सांगितलं, मन्मथच्या पट्टीत होता तो. तू पहिल्या दिवाळीला आलास तेव्हा तिनं तुला ओट्यावर बसवलं.

"मन्मथ, तू बगितलास म्हणं माज्या गोविंदाला. कसा दिसत हुता रं?"

आणि तू, 'दिसतंय की' म्हणून माझी पानं फाडणारा तू, सांगायला लागलास. "मावशी, आधी त्यो डावीकडनं येतो. फेटा जरा तिरपा. हात वर नेतो, फेटा सारखा करतो. मग मिशीवर बोट." आय ऐकत होती. "रोड झाला हुता का?" "न्हाय, मावशी. गालावर भरला हुता." "हसला का?" "तिसऱ्या बारीला हसला. एक दात थोडा पुढं हाय त्याचा, त्यो दिसला." आयनं पदर तोंडाला लावला. दात खराच पुढं होता.

त्यानंतर दर दिवाळीला. अठरा वर्षं, ती जाईपर्यंत. दोनशे चौसष्ट चौकटी तू तिला क्रमानं सांगायचास. कधी एक शब्द जास्त नाही, कमी नाही. मधे तू एकदा मिशी आधी आणि फेटा नंतर सांगितलास तर तिनं अडवलं, "आदी फेटा." तू म्हणालास, "चुकलो, मावशी." आणि पहिल्यापासून सुरू केलंस.

आपलं भांडण तेव्हापासूनचं. मी म्हणायचो, एक चौकट तरी ठेवायची होतीस, नखाएवढी. खिशात मावली असती. तू म्हणायचास, खिसे तपासले असते तर? मी म्हणायचो, तपासले नाहीत! तू म्हणायचास, ते आता म्हणतोस. आयच्या समोर, वहिनींच्या समोर, तुझ्या मुलांसमोर मी तुला बोललो. एका दिवाळीला मी तुला निर्दय म्हणालो. तू चहा संपवलास आणि म्हणालास, "साखर कमी हाय."

आता ती गोष्ट. परसात काडी लावायच्या आधी तू थांबला होतास. तुझ्या हातमोज्यात दादाच्या हसण्याची एक चौकट होती, वेगळी कापलेली. तू विचारलंस, "ही एक ठिवू का?" आणि मी म्हणालो, "जाळ. सगळं जाळ." मला दादाची भीती नव्हती वाटत रे. माझी वाटत होती. माझी नोकरी, माझी चामडी. तू माझ्याकडं पाहिलंस आणि टाकलीस ती.

आयसमोर मी तुला बोलायचो तेव्हा तू एकदा माझ्याकडं बघायचास. नुसतं एकदा. मग मान खाली घालून म्हणायचास, "व्हय मावशी, माजी चूक झाली." अठरा वर्षं.

परवा सभेनंतर मी तुझ्या धाराशिवच्या, निवृत्तीनंतरच्या घरी गेलो. वहिनी एकट्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच. म्हणालो, वहिनी, ती चौकट मी जाळायला लावली, ह्यानं नाही, आणि जन्मभर मी ह्यालाच बोललो.

त्या म्हणाल्या, "ठावं हाय मला, भावजी. बसा की."

"कधीपासून?"

"लगीन झाल्या वर्षापासून. हे म्हणायचे, विश्वनाथाचंच बराबर हुतं. एक चौकट जरी घावली असती तर दोगंबी आत गेलो असतो."

मी बसलो. "मग मला का नाही सांगितलं कधी? एवढी वर्षं भांडत राहिला!"

वहिनींनी चहाचा कप माझ्यापुढं सरकवला.

"म्या पण इचारलं हुतं त्यास्नी," त्या म्हणाल्या. "म्हणले, सांगितलं तर त्यो माज्याशी भांडायचा बंद हुईल."